वरची पेटी

उद्यमनगरात चाळीस वर्षं मी लाकडाचे पॅटर्न केले.
पंपाचं हाउसिंग, चरकाचा रोलर, गिअरबॉक्सचं झाकण.
बीड थंड होताना आटतं,
म्हणून माझी फूटपट्टीसुद्धा खोटी:
फुटामागं एक सूत जास्त.

परवा त्रिशला आली अंदमानहून,
बॅगेत कपडे कमी, दगड फार.
त्यातला एक तिनं माझ्या बेंचवर ठेवला, पटाशीशेजारी.
पांढरा, भोकाभोकांचा,
गॅस अडकून वाया गेलेल्या कास्टिंगसारखा.

'प्रवाळ आहे, आप्पा. मेलेलं.'
'कशानं मेलं?'
'हवेनं.'

मग चहावर साय धरेपर्यंत ती बोलत राहिली.
सुनामीच्या त्या सकाळी
समुद्राच्या बुडाखाली खडकावरून खडक घसरला
आणि बेटाची एक कड कमरेएवढी वर आली.
खाऱ्या पाण्यात वाढलेली अख्खी बाग
उन्हात उघडी पडली, भरतीची वाट बघत.
भरती आली.
बागेच्या अलीकडंच थांबली.
दुसरीकडं जमीन खाली बसली,
माडांच्या मुळांशी मीठ,
आणि भाताच्या खाचरात मासे.

आता ती तिथं रेघा मोजते.
पूर्वी पाणी जिथं टेकायचं तिथं शिंपल्यांची एक रेघ.
तिच्या वर आणखी एक, मळकी.
त्याच्याही वर, झाडीत, तिसरी,
ती सापडायला तिला दोन हिवाळे लागले.

'दोन रेघांमधे किती वर्षं?'
'तेच तर मोजतेय.'
'आणि तोवर किनारा गप्प?'
'गप्प कुठला! हळूहळू खाली दबत असतो,
वर्षाला नखाएवढासुद्धा नाही.
मग एकदाच उसळतो.
दबला होता, त्याहून थोडा वर.'
'म्हणजे सूतभर जास्त,' मी म्हटलं.
ती हसली नाही. वही काढून लिहून घेतलं.

कोयनेच्या पहाटे मी सात वर्षांचा होतो.
शाहूपुरीतल्या खोलीत फळीवरचा पितळी डबा
चालत चालत काठापर्यंत आला
आणि अर्धा बाहेर थांबला.
आईनं तो तसाच ठेवला, उन्हाळ्यापर्यंत.
कुणी सरळ करायला गेलं की म्हणायची,
त्याचं त्याला ठरवू दे.

मी त्रिशलाला शेजारच्या फाउंड्रीत नेलं.
खालची पेटी, वरची पेटी,
मधे त्यांचा सांधा.
पिन झिजली की वरची जराशी सरकते,
कुणाला दिसत नाही.
रस ओतल्यावर, फोडल्यावर
कास्टिंगच्या अंगावर पायरी निघते. नखाला लागते.
आम्ही तिला शिफ्ट म्हणतो.
इन्स्पेक्टर खडूनं फुली मारतो, माल पुन्हा भट्टीत.

तिनं पायरीवरून नख फिरवलं, दोनदा.
'आमची पण हीच,' म्हणाली.
'फक्त तिथं फुली मारायला कुणी नाही.
पायरीवर आधी खेकडे येतात, मग केवडा,
मग कुणीतरी येऊन विहीर खणतं
आणि पाणी गोडं लागतं का बघतं.'

कोपऱ्यात वाळूचा ढीग होता, कासार्ड्याची,
फोंडा घाट चढून ट्रकनं आलेली.
तिनं मूठ भरली, उजेडात धरली.
'ही पण किनाऱ्याचीच, आप्पा.
तो समुद्र आता कुठल्याच नकाशात नाही.'
चाळीस वर्षं ही वाळू माझ्या कानात, डब्यात,
रात्री उशीवर.
मला कधी कुणी सांगितलं नव्हतं.

ती गेली सोमवारी. प्रवाळ बेंचवरच राहिलं.
काल नवा पोरगा, अस्लम, ते उचलून उलटंपालटं करत होता.
'हे रिजेक्टच ना, काका?'
त्याच्या हातात खडू होता.

मी म्हटलं, ठेव खाली.
खडू दे इकडं.